सकाळची पाळी

"सगळ्यात उंच खांब सकाळच्या पाळीचा," शर्वरी फळ्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवत म्हणाली. बेकरीतले सगळे कारागीर समोर उभे होते. करपलेल्या नानकटाईच्या ट्रेंची पाळीनुसार नोंद ठेवून तिनं तो आलेख काढला होता. दर्जा सुधारायची ही पद्धत ती कॉलेजात शिकली होती. वडिलांना, म्हणजे अण्णांना, तो दाखवायची तिला फार हौस होती.

"रझाकभाई, सकाळी भट्टीवर तुम्ही असता ना? लक्ष कुठं असतं तुमचं?"

रझाकनं मान खाली घातली. "चुकलं, ताई. उद्यापासून बघतो."

मागं स्टुलावर बसलेले अण्णा उठले. "तू कशाला ऐकून घेतोस रे? शर्वरी, सकाळचे ट्रे मी काढतो. हल्ली मला रंग कळत नाही. कच्ची, भाजलेली, सगळी सारखीच दिसते. ह्या सगळ्यांना माहीत आहे."

शर्वरीचे कान तापले. रोज रात्री ती अण्णांच्या समोर बसून जेवत होती, आणि तिला कधी काही जाणवलं नव्हतं. फळा पुसायला तिनं डस्टर उचललं.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "बरोबर काढलंयस."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती भट्टीपाशी गेली. रझाकनं सरकून जागा दिली. अण्णांनी ट्रे अर्धवट ओढला आणि ते थांबले.

"बदामी झालीय, अण्णा. काढा," ती म्हणाली. रझाककडे बघायचा मात्र तिला धीर झाला नाही.