गुण गेलेला पाला

सुनेच्या, मंदाच्या, विळ्यानं कापलेल्या बोटावर ठकूबाईनं तिसऱ्यांदा पाला चोळून बांधला, तरी रक्त थांबेना. शेवटी चोथा भिरकावून ती मंदाला घेऊन गावाजवळच्या औषध कंपनीच्या दवाखान्यात गेली. तिथल्या मृण्मयी मॅडमनं ट्यूबमधला हिरवा मलम लावला आणि रक्त जागच्या जागी थांबलं. ठकूबाईनं वास ओळखला.

"हा तर आमचाच कातळावरचा पाला."

"रानातल्या पाल्यात आता काही नाही, आजी. आमच्या शेतातल्या रोपांचे पराग त्याला लागले की पुढं उगवणाऱ्या रोपांतलं औषध मरतं. आम्ही रोपं तशीच बनवलीत."

पाच वर्षांपूर्वी याच पोरीला चहा पाजून ठकूबाईनं तो पाला दाखवला होता.

मॅडमनं टॅब उघडला. "खाजेवरचा पाला तेवढा दाखवायचा राहिलाय तुमचा."

"बाप म्हणायचा, औषध परक्याला सांगितलं की त्याचा गुण जातो," ठकूबाई दातओठ खात म्हणाली. "मी हसले होते त्याला."

मॅडमही हसली.

ठकूबाईनं सुनेचा दंड धरून तिला उठवलं. "चल मंदा. तो खाजेवरचा पाला आता मी तुलासुद्धा दाखवायची नाही."