पेकाची पाळी

गोटुलाच्या सभाघरात गोल बसलेल्या गावासमोर डोलू मान खाली घालून उभा होता. बंदूक पोलिसांकडे देऊन तो गावात परत राहण्याची परवानगी मागायला आला होता. ग्रामसभेचा नियम असा, की एकाचीही हरकत असली तर ठराव होत नाही. ‘हो’, ‘हो’ करत पाळी पेकाकडे सरकत होती.

याच गोटुलात पूर्वी डोलूचं दलम, नक्षल्यांची बंदूकधारी तुकडी, सभा भरवायचं. तेव्हाही सगळे ‘हो’च म्हणायचे. एकदा पेकाची बायको ‘नाही’ म्हणाली. त्यांनी तिला जंगलात नेलं, ती परत आली नाही.

“बोल की, मामा,” अध्यक्ष सोमरी म्हणाली. “चूल वाट बघतेय माझी.”

“माझं ‘नाही’ आहे.”

डोलू पुढे आला. पेका मागे सरकला. डोलूने वाकून जमिनीवरचं आपलं गाठोडं उचललं. “बरं, मामा,” म्हणून तो वाटेला लागला.

पेका बसल्या जागी बघत राहिला. ‘नाही’ म्हणूनही आपल्याला कुणी हातही लावला नाही.

“थांब रे,” त्याने हाक मारली. “सोमरी, मला पुन्हा विचार.”