बुडालेलं जहाज

सागरी जीवशास्त्र शिकून आलेल्या लेकीने बंदरावरच्या सगळ्या बोटवाल्यांना बोलावून पडद्यावर समुद्राचा तळ दाखवला. काळ्या पाण्यात प्रवाळाचं अख्खं रान, आणि फांद्याफांद्यांना चिकटलेली माशांची अंडी. "तळ खरवडत जाणारं जाळं इथे ओढू नका. हे एकदा मोडलं तर तुमच्या नातवंडांनाही परत दिसायचं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बिस्किटं संपवली आणि "एवढी अंडी, म्हणजे मासे किती असतील" असं म्हणत घरी गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा बापही बोटवालाच. पुढच्या खेपेला तो परतला तो जाळ्याच्या चिंध्या घेऊन. धक्क्यावरच्या टपरीत चहा पिताना त्याने कपाळाला हात लावला. "त्या जागेच्या वाटेला जाऊ नका रे. खाली जहाज बुडालंय. माझं नवंकोरं जाळं गिळलं त्याने."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बोटी त्या जागेला वळसा घालून जाऊ लागल्या.

"आई, माझं बोलणं पटलं गं त्यांना," म्हणत लेक नाचतच आत गेली.

आई बाहेर ओटीवर जाळं शिवत बसली होती. तिने एक टोक नवऱ्यासमोर धरलं. "हे फाटलेलं नाही, कापलंय. तेही माझ्या कात्रीने."

"हळू बोल."

"आणि ते जहाज कधी बुडालं म्हणे?"

"काल. टपरीत, दुसऱ्या चहाला."