ओढ्याचा रंग

सोलापुरातल्या रंगखान्यानं हवाबंद टाकी बांधली, शेण कालवून तिच्यात जंतू पोसले, आणि वर्षानुवर्षं लाल वाहणारा ओढा नितळ झाला. कौतुक ऐकायला साहेब स्वतः ओढ्याकाठच्या वस्तीवर आले. सगळी वस्ती खूश. सारजाबाई तेवढी त्या पाण्याकडं काहीतरी हरवल्यासारखी बघत होती.

"बाई, विषारी रंग जंतूंनी खाल्ला. आता खुशाल म्हशींना पाणी पाजा की!"

"ते ब्येस झालं, सायेब. पर आमचं मालक भांडून गेलं, ते तुमच्या लाल रंगाच्या हौदावर हायती. चिठ्ठी न्हाय, सांगावा न्हाय. पाणी लाल आलं की समजायचं, माणूस धड हाय."

"एवढंच ना? उद्या विचारून कळवतो."

"नगं, नगं!" सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी वाट बघते, हे कळंल की त्यास्नी."