न मिटलेला ग्रंथ

दिगंबर उपासन्यांचा ग्रंथ तिसऱ्या दिवशीही हातात मिटला नाही, याचा नीलकंठशास्त्री घैसासांना मनस्वी संताप आला. वाचकाचे मन विटले की हल्ली पुस्तके आपणहून मिटत, आणि कोणत्या पानावर मिटले याचा निरोप लेखकाला जाई. शास्त्रीबुवांचा स्वतःचा ग्रंथ आजवर कुणाच्याही हाती नवव्या पानापुढे टिकला नव्हता.

“इतका आवडला?” वाचनालयाच्या ग्रंथपाल कुमुदताईंनी विचारले.

“छे! दोष शोधतो आहे,” असे म्हणून पुस्तक मिटावे यासाठी त्यांनी मुद्दाम जांभई दिली. परंतु पुढचीच उपमा इतकी नेमकी निघाली की, ती आपल्याला का सुचली नाही या जळफळाटात त्यांनी शेवटचे पानही उलटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनी स्वतः वाचनालयात आले. दोघे एकाच गुरूंपाशी शिकलेले; बोलणे मात्र कित्येक वर्षे बंद होते.

“नीळू, माझा ग्रंथ पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत वाचला, असा निरोप आला. नाव तुझं निघालं!”

“पहिल्यांदाच? आणि बाकीचे वाचक?”

“सहाव्या पानावर मिटतो रे.”

सहा! आपले नऊ आठवून शास्त्रीबुवांना क्षणभर विलक्षण सुख झाले.

“खरं सांग,” उपासनी जवळ सरकून म्हणाले, “तुला एवढं काय आवडलं?”

शास्त्रीबुवांनी ग्रंथ परत देण्यासाठी पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

“लेका, यातली एक तरी ओळ मला सुचायला हवी होती.”