बेलमधला दिवा

तनुजा जिना चढून आली आणि तिनं सगळ्यात आधी बेलच्या बटणाकडे पाहिलं. बटणातला बारका दिवा बंद होता. म्हणजे बाबा घरी नव्हते. पुढे केलेलं बोट तिनं मागे घेतलं.

बाबा घरीच होते. दाराच्या आतल्या बाजूला, गंजीफ्रॉक आणि लेंग्यात, हातात चहाची गाळणी घेऊन, दाराच्या भिंगाला डोळा लावून उभे होते. जिन्यावरची पावलं त्यांनी स्वयंपाकघरातूनच ओळखली होती. वर्षभर ऐकली नव्हती म्हणून काय झालं.

श्यामसुंदर देवस्थळींनी टेक्निकल शाळेत जन्मभर वायरिंग शिकवलं होतं. घरी कोणी नसताना पाहुण्यानं बेल वाजवत उगाच ताटकळू नये, म्हणून बटणात दिवा बसवण्याची कल्पना त्यांचीच. दाराशी आत एक खटका होता. घरात असताना दिवा लावायचा, बाहेर पडताना बंद करायचा. शाळेत असताना तनुजा या दिव्याचं कौतुक साऱ्या कोथरूडभर सांगत फिरायची. मग अलीकडे इमारतीत चोरी झाली आणि सुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, की घर रिकामं असल्याची वर्दी तुम्ही स्वतःच चोरांना देताय. देवस्थळींना ते पटलं. पटलं असं म्हणाले मात्र नाहीत. त्यांनी नियमच उलटा केला. आता बाहेर जाताना दिवा लावायचा आणि घरात असताना बंद ठेवायचा, म्हणजे फसतील चोर. शेजाऱ्यांना एकेकाला गाठून त्यांनी हे समजावूनही सांगितलं.

तनुजाला सांगायचं राहिलं, कारण तोवर ती घरात नव्हती. ऑफिसातल्या, चंद्रपूरकडच्या ऋषीशी तिनं रजिस्टर लग्न केलं, त्या दिवशी याच दारात बापलेकीचं शेवटचं बोलणं झालं होतं. मी बोलावणार नाही, बेल तुझी तू वाजवायचीस, असं बाबा म्हणाले. तुम्ही घरी असाल तेव्हाच वाजवीन, तुमच्यामागे चोरून आईला भेटायला येणार नाही, असं ती म्हणाली. हट्टाच्या बाबतीत मुलगी थेट बापावर गेली होती.

आता या शुक्रवारी ती आणि ऋषी अमेरिकेला निघाले होते. दोन हजार साल उजाडायच्या आत तिकडच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर ठीकठाक करायला माणसं हवी होती, ती पुण्यातून भराभर चालली होती. परत कधी, ते ठरलं नव्हतं. मुलीनं फोनवर दिलेली ही बातमी सुशीलाबाईंनी दुपारी जेवताना भिंतीला सांगावी तशी सांगितली आणि त्या शनिवार पेठेत बहिणीकडे निघून गेल्या.

भिंगातून तनुजाचं नाक मोठं आणि बाकीचा चेहरा लहान दिसत होता. वाळलीय, असं देवस्थळींना वाटलं. वाजव, ते मनात म्हणाले. ती नुसतीच उभी. वाजव की. दारापर्यंत आली, चार मजले चढून आली, आणि एक बटण दाबायला हिच्या बोटाला एवढं जड जातंय? त्यांना आधी राग आला. मग तिनं ओढणीच्या टोकानं नावाच्या पाटीवरची धूळ पुसली, तसा तो राग ओसरला.

पाटी पुसून ती वळली आणि जिना उतरू लागली.

उतरताना तिनं एकदा मागे पाहिलं. दाराकडे नाही, बाजूला, बटणाकडे. आणि देवस्थळींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी जुन्या नियमानं चालली होती. तिच्या लेखी घरात कोणी नव्हतंच.

दार उघडून हाक मारली असती तर काम झालं असतं. त्यांचा हात कडीपर्यंत गेलासुद्धा. पण तिथेच थांबला. बोलावणार नाही, असं म्हणून बसले होते ना. अशा माणसांपुढे कपाळाला हात लावावा, दुसरं काय. खाली पावलांचा आवाज कमी होत चालला. देवस्थळींना रडू येईलसं झालं. त्यांनी कडीवरचा हात काढला आणि खटका दाबला.

खटका जुना, चांगला खणखणीत वाजणारा. पावलं थांबली. मग ती वर येऊ लागली, आधी हळू, मग धावत. बेल वाजली. ती पुरती वाजून व्हायच्या आत दार उघडलं.

"आत्ताच आलो बाहेरून," बाबा म्हणाले.

तनुजानं त्यांचा गंजीफ्रॉक पाहिला, लेंगा पाहिला, हातातली गाळणी पाहिली. तिचे डोळे भरून आले.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "माझाही चहा टाका."

दिवेलागणीला सुशीलाबाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आल्या. बटणातला दिवा लागलेला होता. म्हणजे हे कुठेतरी बाहेर पडलेले दिसतात, असं म्हणत त्यांनी पर्समधून किल्ली काढली. तेवढ्यात आतून आवाज आला. अमेरिकेतल्या घरांना कसले प्लग असतात यावर दोघं जण कडाकडा भांडत होते.

सुशीलाबाईंनी किल्ली पर्समध्ये ठेवली. भाजीची पिशवी भिंतीशी टेकवली, आणि आवाज न करता त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.