भैरूतात्यांची मंजूर चाल

"कुणाला पटायचं नाही, पण त्या यंत्रानं माझी चाल मंजूर केली!" सलूनच्या खुर्चीत बसता बसता भैरूतात्या गुरवांनी जाहीर केलं.

कात्री थांबली. तालुक्याच्या कचेरीतल्या यंत्रानं जगातल्या शक्य तेवढ्या सगळ्या चाली आधीच रचून आपल्या नावावर करून ठेवल्या होत्या. कुणी नवं गाणं नेलं की ते म्हणायचं, "आहे आमच्याकडे." नाकारलेलं वाजवलं तर वाद्य जप्त. नातीच्या लग्नासाठी तात्यांनी सनईवर बांधलेली चालही त्यानं दोनदा परत पाठवली होती, आणि लग्न परवावर आलं होतं.

"म्हटलं, मेल्या, सूर काय तुझ्या बापाचे? सनईची पत्ती कधी तोंडात भिजवलीस का? आणि मुद्दाम कोरड्या पत्तीनंच फुंकली! असा चिरका सूर निघाला की यंत्राला घाम फुटला. म्हणालं, तात्या, हा मात्र आमच्याकडे नाही!"

सलून हसलं. रंगनाथ न्हावी तेवढा हसला नाही.

"खोटं बोलताय, तात्या," तो म्हणाला. "मंजूर झाली असती तर सांगत बसला नसता. कचेरीपासून वाजवत आला असता."